नाशिकहून आल्यासारखं

दवाखान्यातून घरी जायच्या दिवशी आईने माझ्यासाठी नारिंगी पंजाबी ड्रेस आणला. इस्त्री केलेला, ओढणीला पिन लावलेला. सोबत कानातले, पावडरचा डबा आणि टिकल्यांचं पाकीट. मी कॉटवर बसून होते. सरळ उभी राहिले की पोटाची कातडी कोणीतरी आतून खाली ओढतंय असं अजून वाटायचं.

"गाऊनवरच जाऊ दे ना," मी म्हटलं.

"गाऊनवर? नाशिकहून गाऊनवर कोण येतं?"

हे कळण्यासाठी आधीचे काही दिवस सांगायला हवेत. मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. उजव्या बाजूच्या अंडाशयावर मोसंबीएवढी गाठ निघाली. उल्हासनगरला कॅम्पातल्या एका नर्सिंग होममध्ये पोट उघडून ती काढली आणि बेंबीखाली अकरा टाके घातले. गाठ साधी होती, दुसरी बाजू उत्तम आहे, पुढे काही अडचण नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण आम्ही राहायचो बदलापूरला, कुळगावात, तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या बिल्डिंगमध्ये आईने सांगून ठेवलं होतं की मी नाशिकला मावशीकडे गेले आहे. लग्नाच्या वयाच्या मुलीचं पोटाचं ऑपरेशन म्हणजे एक तर तिला मूल होणार नाही, नाहीतर होणार होतं. लोक या दोन्हींपलीकडे तिसरा विचार करत नाहीत, असं आईचं म्हणणं. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न नुसत्या अपेंडिक्सवरून मोडलं होतं, हे खरं आहे. आईची भीती मी खोटी म्हणत नाही. त्या भीतीपुढे तिला माझे टाके दिसले नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

डिस्चार्जचा कागद इंग्रजीत होता. आमच्या घरात इंग्रजीतला कोणताही कागद माझ्याकडे यायचा. पप्पांच्या सोसायटीची नोटीस, आईच्या बँकेचं पत्र, शेजाऱ्यांच्या मुलाचा नोकरीचा अर्ज, सगळं मीच वाचून मराठीत सांगायचे. मला इंग्रजी शाळेत घातलं त्याचं सार्थक अशा वेळी आईच्या चेहऱ्यावर दिसायचं. त्या दिवशीही मी कागद वाचला. दहाव्या दिवशी टाके काढायला यावं. सहा आठवडे वजन उचलू नये. जिने शक्यतो टाळावेत, चढायचेच तर सावकाश, आधार घेऊन. प्रवासात धक्के बसू नयेत. गाडीत मागच्या सीटवर रेलून बसावं.

"ते लिहितातच तसं," आई म्हणाली. "आपण लिहिलं तसं वागायला लागलो तर जगायचं कधी?"

बँकेच्या पत्रातला एकही शब्द तिने कधी असा उडवून लावला नव्हता.

वॉर्डमध्ये एक केरळी सिस्टर होती. तिने मला आदल्या दिवशी शिकवलं होतं की खोकला आला, शिंक आली, गाडी उडाली, की उशी पोटावर दाबून धरायची. म्हणजे धक्का उशी घेते, टाके घेत नाहीत. "तकिया छोड़ने का नहीं, समझा?" असं म्हणून तिने एक छोटी उशी मला देऊनच टाकली. तिच्यावर निळ्या धाग्याने वॉर्डचा नंबर शिवला होता. आईने सिस्टरसमोर मान डोलावली आणि ती बाहेर गेल्यावर उशी बॅगेत तळाशी घातली.

"ती हातात लागेल मला," मी म्हटलं.

"नाशिकहून उशी घेऊन कोण येतं?"

बॅगही मुद्दाम मोठी आणली होती. आठ दिवस पाहुणी राहून आलेल्या मुलीची बॅग भरलेली दिसायला हवी. दवाखान्यातला आमचा तांब्या, डबे, चादरी, स्टोव्हसुद्धा तिच्यात गेला. मी चेन लावायला हात पुढे केला तर आई ओरडली, "वाकू नकोस!" मला त्या ओरडण्याने बरं वाटलं. वाटलं, हिला आठवण आहे.

नर्सिंग होमखाली औषधांचं दुकान होतं. दुकानदार सिंधी, पांढऱ्या केसांचा, आठ दिवसांत पप्पांशी त्याची ओळख झाली होती. आम्ही खाली आलो, मी भिंतीला धरून उभी होते, तर तो काउंटरमागून बाहेर आला.

"रिक्षा में ले जाओगे? बदलापूर? पागल हो क्या भाऊ? मेरी व्हॅन खडी है, लडका छोड देगा. पीछे की सीट पे लिटा दो बच्ची को."

पप्पांनी आईकडे पाहिलं. पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. रविवारी विहारात बोलायला उभे राहिले की अंधश्रद्धा, लोकलाज, मुलींचं शिक्षण यांवर तासभर बोलायचे. तिथे त्यांच्या आवाजाला खिडक्यांची तावदानं वाजायची. त्या फुटपाथवर ते म्हणाले, "नको शेठ, रिक्षाच बरी."

"पैसे की बात नहीं कर रहा हूँ मैं. मैं भी बेटीवाला हूँ."

"हो, पण... बरं नाही दिसत."

दुकानदाराने आधी त्यांच्याकडे, मग माझ्या नारिंगी ड्रेसकडे पाहिलं. त्याला काही कळलं असेल का, माहीत नाही. "जैसी मर्जी," म्हणून तो आत गेला. आमच्या दारात व्हॅन उभी राहिली असती तर तिन्ही मजल्यांच्या खिडक्या उघडल्या असत्या, हे आईचं कारण. म्हणजे मला आडवं झोपवून, एकही धक्का न लागू देता, दारापर्यंत नेणारी गाडी समोर उभी होती, आणि ती नाकारली गेली. मी शाळेतही हात वर न करणारी मुलगी होते. उत्तर येत असलं तरी.

रिक्षात मी मधे, आई डावीकडे, पप्पा उजवीकडे. बॅग आमच्या पायांत, त्यामुळे माझे गुडघे वर आलेले, आणि सलवारीची नाडी बरोबर टाक्यांवर. बाजारात आईने रिक्षा थांबवली आणि फरसाणाच्या दुकानातून चिवड्याची तीन पाकिटं घेऊन आली. नाशिकहून आलेली माणसं शेजाऱ्यांना चिवडा देतात. पाकिटांवर दुकानाचं लेबल होतं, त्यावर कॅम्पाचा पत्ता. रिक्षा चालू झाल्यावर आई ती लेबलं थुंकी लावून लावून नखाने खरवडत बसली. प्रत्येक स्पीडब्रेकरला मी दोन्ही तळवे पोटावर दाबत होते आणि ती लेबलाचा उरलेला कोपरा काढत होती.

"जरा हळू घ्या ना," मी रिक्षावाल्याला म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, रोड आपल्या बापाचा नाय."

अंबरनाथला पप्पांच्या कारखान्याचं गेट रस्त्यावरच लागायचं. तिथे पप्पांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. त्यांनी रजा गावच्या कामासाठी म्हणून घेतली होती. पुढे स्टँडपाशी रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेतली. पुढची हद्द त्याची नव्हती, तिकडचे स्टँडवाले भांडतात म्हणाला. उतरा, दुसऱ्या रिक्षात चढा. उतरताना मी छताची दांडी धरली, पाय खाली टाकला, आणि डाव्या टोकाच्या टाक्यापाशी काहीतरी चरकन ओढलं गेलं. दुसऱ्या रिक्षाने मात्र आम्हाला बदलापुरापर्यंत आणलं. आता पाच मिनिटांत घर, असं मी मनाशी म्हणत होते, तर पप्पा रिक्षावाल्याला म्हणाले, "स्टेशनला घ्या."

"स्टेशनला कशाला?" मी विचारलं.

आई हळू आवाजात म्हणाली, "नाशिकहून माणूस रिक्षाने येतं का? गाडीनेच येणार ना? आपल्या बिल्डिंगमधलं कोणी स्टेशनवरून रिक्षा करतं का कधी?"

ते खरंच होतं. स्टेशनपासून आमची बिल्डिंग दहा मिनिटांवर. लग्नाचं सामान असल्याशिवाय तिथून कोणी रिक्षा केलेली मी पाहिली नव्हती. म्हणून आम्ही स्टेशनातल्या पुलाच्या पायथ्याशी उतरलो. पण तेव्हा कुठलीच गाडी आलेली नव्हती, पूल रिकामा होता, आणि रिकाम्या पुलाखालून तीन माणसं बॅग घेऊन निघाली तर तेही बरं दिसलं नसतं. कल्याणकडून येणारी गाडी येईल, माणसं पुलावरून उतरतील, त्यांच्यात मिसळून निघायचं, असं ठरलं. कोणी ठरवलं ते मला आजही माहीत नाही. दोघांनी एकमेकांकडे नुसतं पाहिलं असेल.

मी चहाच्या टपरीच्या खांबाला टेकून उभी राहिले. बाकडं होतं, पण ते बुटकं होतं. बसले तर उठणं मला जमलं नसतं. टाके अकरा, उभं राहून मिनिटं पंचवीस. ज्या गाडीने मी आलेच नव्हते तिची वाट बघत.

पप्पांनी चहावाल्याला विचारलं, "कर्जत लोकल किती लेट आहे?"

"येईल आता. कोणाला घ्यायला आलात?"

"नाही," पप्पा म्हणाले, "आम्ही आलोच आहोत."

चहावाल्याने कपावरची साय फुंकली. आता मला त्यावर हसू येतं, तेव्हा आलं नाही. तेव्हा मी खांबाचं लोखंड मुठीत धरून एकच वाक्य मनात घोळवत होते. ते इंग्रजीत होतं. रागाची वाक्यं मला इंग्रजीतच सुचायची, कारण ती घरात कोणाला कळणार नाहीत याची खात्री असायची. ही माझी शहाणपणाची युक्ती आहे असं मी बरीच वर्षं समजत होते.

गाडी आली. माणसं उतरू लागली आणि आम्ही त्यांच्यात शिरलो. मी कडेने चालत होते, कोणाचा धक्का लागू नये म्हणून पोटासमोर कोपर काढून. दहा पावलं गेलो असू, तर मागून हाक आली. आमच्या पहिल्या मजल्यावरचे काका. हातात डबा, घामाघूम.

"अरे, याच गाडीत होता काय? दिसला नाहीत!"

"मागच्या डब्यात," पप्पा म्हणाले. "हिला नाशिकहून आणलं."

"काय गं, मावशीने उपाशी ठेवलं वाटतं? पार वाळलीस!"

मी हसले. बॅग पप्पांनी उचलली होती, ती त्यांनी हात बदलायला खाली ठेवली. काका बघत होते, आणि आई एकदम मोकळ्या आवाजात म्हणाली, "तुझी बॅग तू घे की गं. तरणीताठी पोरगी, आणि बाप हमाली करतोय."

मी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती काकांकडे बघून हसत होती.

मी बॅग उचलली.

या सगळ्यात मला जर कोणाचा सगळ्यात जास्त राग येत असेल तर तो त्या क्षणी बॅग उचलणाऱ्या मुलीचा येतो. डॉक्टरचा कागद तिच्याच पर्समध्ये होता. तो वाचता येणारी घरात ती एकटी होती. स्टोव्ह, डबे, तांब्या, चादरी. काका वळणावर पानाच्या दुकानात थांबेपर्यंत मी ती बॅग नेली, शंभर-दीडशे पावलं. ते थांबले तशी पप्पांनी ती माझ्या हातातून घेतली, घाईघाईने, आणि "दुखतंय का?" असं विचारलं. विहारात तावदानं वाजवणारा आवाज इतका बारीक होऊ शकतो हे मी तेव्हा ऐकलं.

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक म्हातारी राहायची. बिल्डिंग ज्या जागेवर उभी आहे ते पूर्वी तिचं शेत. जागेच्या बदल्यात तिला आणि तिच्या दोन मुलांना खालच्या खोल्या मिळाल्या होत्या. ती दिवसभर जिन्याच्या तोंडाशी पाट टाकून भाजी निवडत बसायची, आणि आई तिला टाळायची, कारण ती मोठ्याने बोलायची. तिला टाळून जिना चढायचा तर उडी मारावी लागली असती.

"आलीस गो नाशकातून?" ती म्हणाली.

"आली, आली," आई म्हणाली. "चल गं वर."

मी कठडा धरला. एक पायरी चढले. दुसऱ्या पायरीवर पाय उचलताना डावं टोक पेटल्यासारखं झालं आणि माझा हात आपोआप पोटावर गेला. मी तिथेच थांबले. म्हातारीच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"पोटाला टाकं हायत काय गो तुझ्या?"

"नाही हो," आई म्हणाली, "प्रवासाने पित्त झालंय तिला."

"पित्तानं मानूस असा चालतं काय? मना नको शिकवू. माजा पोट दोनदा फारलंय." मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तू सांग गो. किती हायत?"

वर अजून चोपन्न पायऱ्या होत्या. आमच्या जिन्याच्या पायऱ्या मी लहानपणापासून मोजत आले आहे. आई माझ्या मागे होती, तिचा हात माझ्या पाठीवर होता आणि तो हात मला वर ढकलत होता. जोरात नाही. अगदी हलका.

"अकरा," मी म्हटलं. मग, आवाज फारच लहान आला म्हणून, पुन्हा म्हटलं, "अकरा टाके आहेत. माझं ऑपरेशन झालंय. मला जिना चढता येणार नाही."

आईचा हात पाठीवरून गेला.

"मग बोलायचा ना!" म्हातारी ओरडली. ते ती मला म्हणाली की आईला, कळलं नाही. तिने आतल्या दोन्ही मुलांना हाका मारल्या. दूध घालणारी दणकट माणसं दोघं. एक लाकडी खुर्ची आली. मला तिच्यात बसवलं. मी पप्पांना म्हटलं, "बॅगेतली उशी द्या." पप्पांनी तिथेच जिन्यात बॅग उघडली, स्टोव्ह बाहेर काढला, चादरी काढल्या आणि तळातून उशी काढून माझ्या हातात दिली. वॉर्डचा निळा नंबर वर.

त्या दोघांनी खुर्ची उचलली. एक पुढे उलटा चालत, एक मागे. म्हातारी खालून सूचना देत होती, "तिरपी करू नका रे! हलू हलू! मढा नाय न्हेत, पोर न्हेताव!" पहिल्या मजल्यावर दारं उघडली. दुसऱ्यावरही. मी उशी पोटाशी धरून, नारिंगी ड्रेसात, टिकली लावून, सगळ्यांच्या उंबऱ्यांसमोरून वर गेले. एकही धक्का लागला नाही. त्या दिवसातला तेवढाच प्रवास डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे झाला.

आई मागून बॅग घेऊन चढत होती. घरात आल्यावर मला पलंगावर ठेवून ते दोघे गेले, तेव्हा ती म्हणाली, "झालं समाधान?" आणि स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी बायका आल्या. त्या काय विचारतील याचीच आईला आठ दिवस धास्ती होती. त्यांनी बऱ्याच गोष्टी विचारल्या. कोणाचं सिझर, कोणाचा हर्निया, सगळ्यांनी आपापले टाके सांगितले, एकीने तर पदर बाजूला करून दाखवले. एकीने मात्र आईकडे बघत, हळूच, "गाठ कशाची होती हो?" असं विचारलं आणि उत्तर पूर्ण ऐकायच्या आधी मान हलवली. म्हणजे आईची भीती अगदीच हवेतली नव्हती. पुढच्या दोन वर्षांत दोन स्थळं पाहायला येतो म्हणून आली नाहीत. त्याचं कारण हेच होतं की दुसरं, ते कोणी सांगितलं नाही, पण आईने त्याचा हिशेब माझ्या त्या दुसऱ्या पायरीवर लावला, आणि अजून लावते. चिवडा तिने तरीही सगळ्यांना दिला. दुसऱ्या मजल्यावरची काकू म्हणाली, "हा तर कॅम्पातला लागतोय." आई म्हणाली, "हो, कॅम्पातलाच आहे." त्या दिवसातलं तिचं पहिलं खरं वाक्य ते.

डावीकडचा टाका पिकला. दहाव्या दिवशी दहा निघाले, त्या एकासाठी आणखी तीन आठवडे ड्रेसिंग करावं लागलं. आईने ते रोज स्वतः केलं, गरम पाणी, कापूस, सगळं नीट, आणि एकदाही माझ्याकडे न बघता. डॉक्टरांनी विचारलं, "वजन उचललं होतं का?" मी आईला बोलायची संधी दिली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग मी म्हटलं, "हो. बॅग." डॉक्टर मला रागावले. मलाच.

मी अजून विहारापर्यंत चालत जाऊ शकत नव्हते म्हणून परत आल्यानंतरच्या पहिल्या रविवारची वंदना आमच्या घरी ठेवली. विहारातल्या दहा-बारा बायका, चार पुरुष, चटया, मेणबत्त्या. मी पलंगावर. पप्पा नेहमीसारखे पुढे बसले आणि पंचशील सांगू लागले, मागून सगळे म्हणत होते. हत्या करणार नाही, चोरी करणार नाही. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे पप्पांनी डोळे मिटलेले होते. ते नेहमीच मिटतात, म्हणून मी त्यातून काही अर्थ काढत नाही. आईचे डोळे मेणबत्तीवर होते. म्हातारीही खालून वर आली होती, तिच्या धर्मातलं ते नव्हतं तरी, आणि दारात टेकून उभी होती.

श्वास भरला की अजून ओढ बसायची. मी उशी पोटावर दाबली आणि ते चौथं शील सगळ्यांबरोबर म्हटलं, जरा मोठ्यानेच.